चार पावलांचा फोटो

"देव असं मूल खास आईच्याच पदरात घालतो." हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझी लेक आठ महिन्यांची होती आणि तिनं अजून मान धरली नव्हती. सांगणारी बाई माझी लांबची चुलतसासू. कुणाच्या तरी बारशाला बसलो होतो आणि ती पेढा खात खात मला धीर देत होती. मी मनात म्हटलं, त्या देवाला माझा पत्ता कुणी दिला तेवढं सांगा, बघतेच त्याच्याकडं. तोंडानं मात्र "हो ना" म्हणाले. हे "हो ना" म्हणायचं वळण मला तेव्हापासूनचं. पुढं ते मला नडलंच, पण माझ्यापेक्षा जास्त दुसऱ्या एका पोराला नडलं. तेच सांगायला बसलेय.

नव्वदीच्या शेवटाशेवटाची गोष्ट. बाळंतपणात पोरीच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला, असं डॉक्टर म्हणाले. पाय आवळलेले, एकावर एक चढलेले. हाताच्या मुठी मिटलेल्या. बोलणं नाही, नुसते सूर. पण सुरात सगळं कळायचं. कुकरची शिट्टी झाली की खदखदून हसायची. मालिका चालू असताना कुणी टीव्ही बंद केला की घर डोक्यावर घ्यायची. मिसळीच्या कटात बोट बुडवून चाटवलं की मिटक्या मारायची आणि अजून दे म्हणून ओरडायची. रागावली की कडाडून चावायची. अंगात सगळी कोल्हापुरी होती, फक्त पायांनी साथ दिली नाही.

आमचे हे आधी उद्यमनगरात आणि नंतर कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला, शिफ्टनं. मी महाद्वार रोडजवळ एका डीटीपीच्या दुकानात टायपिंग करायची. लग्नपत्रिका, वास्तुशांती, उत्तरकार्य, सगळं एकाच खुर्चीत. पोर लहान होती तेव्हा तिला काही दिवस सासूबाईंकडं ठेवावं लागलं. आम्ही त्यांना अव्वा म्हणतो. कागलच्या पलीकडं, अगदी सीमेला लागून त्यांचं गाव. घरात निम्मं मराठी, निम्मं कानडी. त्या साली सूर्यग्रहण लागलं. पावसाळ्याचे दिवस, ढगात सूर्य दिसतसुद्धा नव्हता, तरी गावात ज्याच्या त्याच्या तोंडी ग्रहणच. त्या बाजूला अशी समजूत हाय की पाय लुळे असलेलं पोर ग्रहणात उकिरड्याच्या खड्ड्यात कमरेपर्यंत पुरायचं, म्हणजे पायात ताकद येते. अव्वानं पुरलं. माझ्या दोन वर्षांच्या पोरीला, तासभर, शेणामातीत.

मला तिसऱ्या दिवशी कळलं, तेसुद्धा शेजारणीकडनं. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. एस.टी.नं गेले, पोरीला उचललं आणि अव्वाला जे तोंडाला येईल ते बोलले. अडाणी म्हणाले, राक्षसीण म्हणाले. "पोर रडत होती, तुम्हाला पाझर फुटला नाही?" अव्वा एवढंच म्हणाली, "रडंल, पर चालंल म्हटलं." पुढं सहा महिने मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही. शेवटी पोरीला सांभाळायला माणूस मिळेना म्हणून अव्वालाच कोल्हापूरला आणावं लागलं, तेव्हा बोलणं सुरू झालं. पण मी शिकलेली आणि ही खड्ड्यात पोर पुरणारी, ही आढ्यता माझ्या डोक्यातनं गेली नाही. वागण्यात ती रोज दिसत असणार.

मग इंटरनेट आलं. दुकानाच्या मालकांनी कनेक्शन घेतलं आणि काम संपल्यावर मला अर्धा तास बसू द्यायचे. अशा मुलांच्या पालकांचा एक ग्रुप सापडला. आधी वाचायची, मग नेटवर चालणारं मराठी टाईप करायला शिकले आणि एक ब्लॉग काढला. सुरुवातीला काय लिहायचं असतं हे ठाऊक नव्हतं, म्हणून खरं लिहिलं. एक दिवस लिहिलं की आज मी पोरीला मारलं. तिसऱ्यांदा चादर बदलली होती, कामावर जायला उशीर झाला होता, ती चावली, आणि मी फाडकन थोबाडीत दिली. नंतर मोरीत जाऊन रडले. पोर मात्र थोड्या वेळानं कुकरला हसत होती.

त्याच्यावर दोन दिवस कुणी काही बोललं नाही. तिसऱ्या दिवशी एक कॉमेंट आली. "ताई, असं नका लिहू. लोकांना प्रेरणा हवी असते." मी ते लिखाण काढून टाकलं. आणि त्याच खुर्चीत बसून लिहिलं की आज माझ्या लेकीनं माझं बोट घट्ट धरलं आणि मला कळलं की देव असं मूल खास आईच्याच पदरात घालतो. व्हय, तेच वाक्य! चुलतसासूचं, पेढ्यासकट. कॉमेंटवर कॉमेंट. सलाम ताई. तुमच्या जिद्दीला मुजरा. तुमचं वाचलं की आमचा दिवस छान जातो.

मला आता कुणी तसं म्हटलं तर मी फोडून काढीन. माझ्या पोरीच्या आवळलेल्या पायांवर ह्यांचे दिवस छान जात होते. बशीत चहा ओतायचा, माझं वाचायचं, डोळे पुसायचे आणि कामाला लागायचं. पण तेव्हा मला राग आला नव्हता, गोड वाटलं होतं. दिवसभर दुसऱ्यांची लग्नं टाईप करणाऱ्या बाईला कुणी तरी मुजरा करतंय म्हटल्यावर आणखी काय होणार! मी दर आठवड्याला लिहायला लागले.

व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी पोरीला उभं करायला एक लाकडी चौकट सांगितली होती. सुतारानं करून दिली. छातीला, गुडघ्याला पट्टे, आतनं गादीचे तुकडे. मॅडमनी बजावलं होतं की पंधरा मिनिटं, फार तर वीस. रडली की काढायचं, अशा मुलांची हाडं ठिसूळ असतात. मी तसंच करायची. ब्लॉगवर मात्र लिहिलं, "रोज एक तास. रडली तरी सोडलं नाही. रडणं म्हणजे पायात जीव येतोय." पंधरा मिनिटं लिहायला कसंतरीच वाटलं. पंधरा मिनिटांत कसली आलीय जिद्द? आणि ते रडण्याचं वाक्य तर मी चक्क रचलं, कारण ऐकायला चांगलं वाटत होतं. हाडं ठिसूळ असतात हे लिहिलं नाही. त्यानं मजा जाते.

पोर दहा वर्षांची झाली. लोक विचारायला लागले, छोटी चालणार कधी? फोटो टाका की ताई. एका रविवारी मी दुकानातला डिजिटल कॅमेरा मागून घरी आणला आणि ह्यांच्या हातात दिला. पोरीला चौकटीतनं काढलं, काखेत धरलं, पुढं केलं. एक पाऊल, दोन, तीन, चार. मग तिचा तोल गेला आणि ती पडली. मांडीचं हाड मोडलं. त्यानंतर ती पुन्हा उभी राहिली नाही, आजतागायत.

फोटो मात्र झकास आला होता. पोर उभी, तोंड उघडं, हात वर. बघणाऱ्याला वाटावं आनंदानं ओरडतेय.

मी तो फोटो टाकला. पोर घरी प्लास्टरमध्ये, अव्वा तिच्या उशाशी बसून कानडीत काहीतरी पुटपुटतेय, आणि मी दुकानात बसून लिहितेय, "आज माझी लेक चार पावलं चालली." पडली ते लिहिलं नाही. लिहीन म्हटलं पुढच्या आठवड्यात, मग त्याच्या पुढच्या. ते राहिलं ते राहिलंच. एका पेपरनं महिला दिनाच्या पुरवणीत ते फोटोसकट, रोजच्या एक तासासकट आणि रडण्याच्या वाक्यासकट छापलं. मग एका मंडळानं आदर्श माता म्हणून सत्कार ठेवला. निरोप आला, छोटीला स्टेजवर चालवत आणा, लोक उभं राहून टाळ्या वाजवतील. मी म्हणाले तिला ताप आहे. शाल घेतली, नारळ घेतला, पाच मिनिटं बोलले. काय बोलले? जिद्द. घरी आले तर अव्वानं नारळ हातात घेऊन विचारलं, "पोर पडली म्हणून दिला काय?" मी तिला गप्प बस म्हणाले.

मे महिन्यात, सकाळी अकराच्या सुमाराला, दुकानात एक बाई आली. काखेत सहा-सात वर्षांचा पोरगा. त्याचे पाय बघितले आणि मला काही सांगायची गरजच राहिली नाही. एका हातात पिशवी. उन्हानं तोंड लाल झालेलं.

"पेपरात लिवनाऱ्या ताई तुम्हीच न्हवं?" तिनं विचारलं. "आम्ही मलकापुरासनं आलोय. पेपरवाल्यांनी दुकान सांगितलं."

तिनं पिशवीतनं माझा लेख काढला. लॅमिनेट केलेला. आम्ही दुकानात लायसन्सं आणि मार्कलिस्टा लॅमिनेट करतो, तसा. म्हणाली, पोराच्या समोर भिंतीवर लावलाय. रोज वाचायचा आणि कामाला लागायचं. चौकट परवडली नाही म्हणून दाराच्या चौकटीलाच साडीनं बांधून उभं करते. सकाळी तास, संध्याकाळी तास.

"तुम्ही तास म्हणलाय. म्या दोन करतो," ती म्हणाली. "लवकर गुण यावा म्हणून."

तिथंच बोलायला पाहिजे होतं, मला कळत होतं. पण समोर दुकानाचे मालक उभे, दोन गिऱ्हाईकं कौतुकानं बघतायत, आणि बाई म्हणतेय की त्या चालणाऱ्या लेकीला एकदा डोळ्यांनी बघायचंय. मी म्हणाले, "ती शाळेत गेलीय."

"मे महिन्यात व्हय?"

"शिबिर आहे."

"मग थांबतो की," बाईनं बाकावर बैठक मारली. "कवाबी येऊ दे. आम्ही भाकरी बांधून आणलीया."

ती थांबली. अर्धा तास, पाऊण तास. पोराला मांडीवर घेऊन, पदरानं वारा घालत. पोरगं कण्हत होतं. "चार दिस झालं, पायाला हात लावू देत न्हाय," ती कौतुकानंच सांगत होती. "जीव येतोय न्हवं पायात. तुम्ही लिवलंय तसं." समोर पत्रिका होती, त्यात नवऱ्यामुलाचं आडनाव मी दोनदा चुकवलं. शेवटी उठले, मालकांना सांगितलं आणि त्यांना घरी घेऊन गेले. वाटेतही सांगता आलं असतं. पेठेतनं चालत दहा मिनिटांची वाट, ती पोराला घेऊन धापा टाकत माझ्या मागं. मी फक्त म्हणाले, "ऊन फार आहे नाही?"

दार अव्वानं उघडलं. पोर खिडकीखाली गादीवर पडलेली, तोंडात मूठ. बाईनं तिच्याकडं बघितलं, हसली, मग आतल्या खोलीकडं बघितलं.

"ही थोरली व्हय? चालणारी कुठं हाय?"

अव्वा माझ्याकडं बघायला लागली. मी म्हणाले, "हीच ती."

"आज बरं न्हाय का तिला?"

"हं."

बघा! अजून "हं" म्हणत होते.

बाईनं पिशवीतनं एक नवीन फ्रॉक काढला, अबोलीचा गजरा काढला, आणि अव्वाकडं तांब्याभर पाणी आणि परात मागितली. तिनं नवस बोलून ठेवला होता. नवरात्रात कुमारिकेचे पाय धुवून पुजतात तसे ह्या चालत्या लेकीचे पाय धुवायचे आणि ते पाणी आपल्या पोराच्या पायाला लावायचं. मी नको नको म्हणत राहिले. तिला वाटलं मी संकोचतेय. तिनं परात गादीला लावली, माझ्या लेकीचा उजवा पाय उचलला, पाणी घातलं आणि तळवा चोळायला लागली.

आणि तिचा हात थांबला.

दहा वर्षांच्या पोरीच्या तळव्याला काही तरी खूण असते. टाच जाड होते, अंगठ्याखाली कातडं राठ होतं, कुठं खरचटलेलं असतं, कुठं काटा मोडलेला असतो. माझ्या लेकीचे तळवे लोण्यासारखे आहेत, तान्ह्या पोराचे असतात तसे. बाईनं दुसरा पाय हातात घेतला. त्याच्यावरनं अंगठा फिरवला. मग माझ्याकडं बघितलं.

"ह्या पायानं जमीन बघितलेली न्हाय," ती म्हणाली. "ही चालत न्हाय."

ती विचारत नव्हती. मी मान हलवली. मग सांगितलं, भडाभडा, उभ्या उभ्या. पडली ते, हाड मोडलं ते, एक तास नव्हे पंधरा मिनिटं ते, रडण्याचं वाक्य मी माझ्या मनानं रचलं ते. बाई परातीतल्या पाण्यात हात ठेवून ऐकत होती. मला वाटलं उठून कानाखाली देईल. द्यायला पाहिजे होती.

बोलली ती अव्वा. सत्तरीची बाई, पण आवाज असा की शेजारी दार उघडून बघायला लागले. "म्या येक तास मातीत पुरलं म्हणून सहा महिने माझ्यासंगट बोलली न्हाईस! राक्षसीण म्हणलीस! म्या अडाणी. तू शिकलेली न्हवं? तू किती पोरं पुरलीस ग, त्या मशिनीत बसून? हाय का हिसाब?"

ती खरं तेच बोलत होती, आणि मला तिचा राग आला, आणि तो राग खरा माझ्यावरच होता हेही मला त्याच वेळी कळत होतं. एवढ्यात बाईनं, कशासाठी कोण जाणे, सवयीनं असेल, ओला हात पोराच्या मांडीला लावला. पोरगं किंचाळलं. तसलं किंचाळणं मी आधी एकदा ऐकलेलं होतं. मी खाली बसले, त्याच्या मांडीला उलटा हात लावून बघितला. गरम. सुजून टम्म. पाय जरा बाहेर वळलेला.

"उठा," मी म्हणाले. "रिक्षा बोलावते."

दवाखान्यात एक्स-रे काढला, तेव्हा हाड मोडलेलं दिसलंच. चार दिवसांपूर्वीच मोडलं असणार, डॉक्टर म्हणाले, आणि चार दिवस तुम्ही काय करत होता बाई? बाई म्हणाली, "उभा करत हुतो." डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. त्यांना काय माहीत की हे हिचं नाही, माझं काम आहे. मी सांगितलं नाही. तेवढं धाडस त्या दिवशी उरलं नव्हतं.

पोराला प्लास्टर घालायला आत नेलं आणि आम्ही दोघी बाहेर बाकावर बसलो. आतनं त्याचं रडणं ऐकू येत होतं. ती म्हणाली, "मला वाटायचं, तुमची पोर चालती, माझा न्हाय, तर म्या कुठं कमी पडतो. म्हणून दोन तास केलं." आणि मग, अगदी साध्या आवाजात, "लिवलंसा कशाला?"

मी म्हणाले, "मला बरं वाटायचं."

ती म्हणाली, "व्हय?" आणि पदरानं तोंड पुसलं.

संध्याकाळी तिचा नवरा आला, आणि ते तिघं मलकापूरला गेले. फ्रॉक आमच्याकडंच राहिला. मी पंधरा दिवस ब्लॉग उघडला नाही. मग बसले आणि लिहिलं. माझी लेक चालत नाही. चौथ्या पावलाला ती पडली, माझा हात सुटला. एक तास खोटा आहे. रडायला लागलं तर ताबडतोब काढा, रडणं म्हणजे दुखतंय. एका आईनं माझ्यावर विश्वास ठेवला आणि तिच्या पोराचं हाड मोडलं.

लोकांना केवढा राग आला! माझा नव्हे हो, मी लिहिलं त्याचा. ताई, इतकं निगेटिव्ह? ताई, तुम्ही खचलात, आम्हाला अपेक्षा नव्हती. एकानं लिहिलं, पडली तरी चार पावलं चालली ना, त्या चार पावलांकडे बघा. माझं डोकं सटकलं. चार पावलांकडेच तर बघत बसले होते सगळे, म्हणून कुणी पाचव्याचं विचारलं नाही. डोंबलाचं पॉझिटिव्ह! एक तरी विचारायचा होता की ताई, पडल्यावर काय केलंत? प्लास्टरमध्ये शी-शू कशी काढता? पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करता? एका बाईनंच विचारलं, कुठल्याशा खेड्यातनं, आणि तिनं स्वतःच पुढं लिहिलं की आम्ही दर दोन तासांनी कूस बदलतो, आणि बदलताना गाणं म्हणतो म्हणजे पोर ओरडत नाही. ते वाचून मला खरा धीर आला. त्यात त्रास होता आणि गाणंही होतं, आणि एकासाठी दुसरं लपवलेलं नव्हतं. धीर द्यायला माझी ना नाही. कुणी मला आज दोन चांगले शब्द बोललं तर मला हवेच आहेत. पण त्याच्या शेजारी दर दोन तास लिहिलेले पाहिजेत.

पावसाळा संपता संपता दुकानात फोन आला. मलकापूरची बाई. मी फोन कानाला लावला आणि उभीच राहिले.

म्हणाली, प्लास्टर निघालं. हाड जुळलंय, पण पाय थोडा आखूड झालाय. म्हणाली, आमच्या मालकांनी तुमचं नवीन लिवलेलं मलकापुरात नेटवरनं काढून आणलं आणि वाचून दाखवलं. मी म्हणाले, चुकलं माझं. ती म्हणाली, ते ऱ्हाऊ दे.

"एक इचारायचं हुतं," ती म्हणाली. "ह्यात तरी सगळं लिवलंयसा का? का ह्यातबी काय राखलंय?"

दुकानात प्रिंटर चालू होता. मालक बाहेर गेले होते. मला "नाही हो, सगळं लिहिलंय" म्हणता आलं असतं. तोंडात आलंही होतं.

"राखलंय," मी म्हणाले.

"काय?"

"हात सुटला असं लिहिलंय. सुटला नव्हता." मी म्हणाले. "तीन पावलं ती माझ्या हातात होती. चौथ्याला ह्यांनी कॅमेऱ्यातनं बघितलं आणि म्हणाले, हात मधे येतोय. तर मी सोडला. फोटोसाठी."

मागं तिचं पोरगं कशावर तरी चिडून ओरडत होतं.

"मग हे लिवा की," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

त्या दिवशी मी ते लिहिलं नाही. त्यानंतरही कितीतरी वर्षं लिहिलं नाही. आता लिहिलंय.